वहिनीला तू हो म्हणालीस तेव्हा

आई,

आज रविवार. विहारातून येऊन तासभर झाला असेल. वहिनी मागच्या दारी कपडे धुते आहे, दादा झोपलाय, आणि मी तुझ्या पत्र्याच्या पेटीवर वही ठेवून लिहिते आहे. तुला जाऊन अकरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, त्याचं कारण सांगितलं तर तू हसशील. मेलेल्या माणसाला पत्र लिहिणं म्हणजे आत्मा मानल्यासारखं होईल का, अशी शंका मला यायची. शंका अजून फिटलेली नाही, तरी लिहिते आहे. "ह्या पोरीला घास गिळायच्या आधी बी इचारावं लागतं, गिळू का म्हणून," असं तू शेजारणीला सांगायचीस, आणि मी आतून ऐकायचे. अजून तशीच आहे. वडवणीला एका वकिलांकडे प्रतिज्ञापत्रं टाइप करते. 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे' ही ओळ दिवसातून वीसेकदा टाइप होते आणि वीसही वेळा मी मजकूर वरून खाली परत वाचते. वकीलसाहेब म्हणतात, मॅडम, सही अशिलाची आहे, तुम्ही कशाला घाबरता. अशी मी, आणि दहा दिवसांपूर्वी तुझ्याबद्दल खोटं बोलले. घरात, दिवसाढवळ्या, काकांच्या तोंडावर. ते कसं झालं ते सांगायचं आहे, पण त्यासाठी मागचं आधी सांगावं लागेल.

मला अक्षरं तू शिकवलीस, शाळेच्या कितीतरी आधी. अंगणवाडीतली पोरं दिवसभर सांभाळून तू घरी यायचीस, आणि भाकरी टाकायच्या आधी जर्मनच्या परातीत बारीक माती चाळून ती माझ्यापुढे ठेवायचीस. मी बोटानं काढायची. चुकलं की तू परात एकदा हलवायचीस, माती सपाट व्हायची, परत काढ. पहिलीत गेले तेव्हा मला वाचता येत होतं. तू स्वतः 'हाय' आणि 'न्हाई' म्हणायचीस, पण मी म्हटलं की थांबवायचीस. मी विचारलं, मग तू का म्हणतेस? "माझं सोड. मला कोणत्या हापिसात जायचंय." तेव्हापासून मी पुस्तकातल्यासारखी बोलते. घरातही. मला दुसरं येतच नाही आता.

नऊ वर्षांची असेन. गावात मैत्रिणीच्या घरी महालक्ष्म्या बसल्या होत्या. तिच्या आईनं दारापासून मखरापर्यंत पावलं काढली होती. मूठ पिठात बुडवून जमिनीवर टेकवायची की पाऊल उठतं, मग बोटाच्या टोकानं पाच ठिपके. मला ती युक्ती इतकी आवडली की घरी येऊन मी चुन्यानं आपल्या उंबऱ्यापासून चुलीपर्यंत पावलं काढली. तू अंगणवाडीतून आलीस, दारात थांबलीस. ओरडली नाहीस. ओलं फडकं आणून माझ्या हातात दिलंस आणि म्हणालीस, "पूस." मी म्हणाले, पण किती छान आलीत. "छानच हाय. पूस." पुसून झाल्यावर तू मला जवळ बसवलंस आणि आजोबांचं सांगितलंस. दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी घरातले देव गाठोड्यात बांधले आणि ओढ्याच्या डोहात सोडले, ते. "ज्यांच्या पायरीला आपल्याला हात लावू दिला न्हाई, त्यांची पावलं आपुन आपल्या हातानं घरात आणायची व्हय?" मला पटलं. नऊ वर्षांच्या पोरीला पटावं त्याहून जास्त पटलं. मैत्रिणींच्या घरचा प्रसाद मी नको म्हणायला लागले, कॉलेजात मुली हळदीकुंकवाला बसल्या की बाहेर पायरीवर थांबायचे. तू एवढं सांगितलं नव्हतंस. मी आपली जपत राहिले, तुझं म्हणून.

मग मी सतरा वर्षांची असताना दादा वहिनीला घेऊन आला. बाबा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, घरात आपण दोघीच. दादा चाकणला कंपनीत होता, वहिनी तिथंच पॅकिंगला. ओडिशाची. कोर्टात लग्न करून दोघं सकाळच्या एसटीनं उतरले. तिच्याजवळ एक बॅग, आणि पायात कंपनीचेच काळे बूट. तू तिला वरपासून खालपर्यंत बघितलंस आणि विचारलंस, "भाकरी येती का?" तिला कळलं नाही. ती दादाकडे बघून हसली. तू म्हणालीस, "हसायला येतंय, मग भाकरी बी यील." महिनाभर राहून दादा परत चाकणला गेला आणि ती आपल्याकडे राहिली.

त्या दिवसांतलं मला काय काय आठवतं, ते लिहायला लाज वाटते, कारण सगळं बारीकसारीक आहे. तिला दोन्ही वेळ भात लागायचा. आपल्याकडे भात म्हणजे आजारी माणसाचा नाहीतर पाहुण्याचा. ती उरलेल्या भातात पाणी घालून ठेवायची आणि सकाळी कांदा-मिरचीसोबत खायची. मी नाक मुरडलं. तू पहिल्या दिवशी बघत राहिलीस, दुसऱ्या दिवशी वाटी पुढे केलीस. "दे बरं वाईच." खाल्लंस आणि म्हणालीस, "लई गार पडतंय गं पोटात." त्या उन्हाळ्यात तू रोज खाल्लंस. मी ताटात अर्धी भाकरी ठेवली तर तू दिवसभर ऐकवायचीस, आणि तिचा शिळा भात तू मागून खात होतीस. तिच्या आईचा फोन आला की तू हातात घ्यायचीस. तिकडच्या बाईला मराठी येत नाही, तुला उडिया येत नाही. "भात खाइल?" म्हणजे जेवलीस का, एवढं एक वाक्य तू शिकली होतीस, ते म्हणायचीस, आणि मग दोघी दहा मिनिटं आपापल्या भाषेत बोलायच्या. फोन ठेवल्यावर मी विचारायचे, काय म्हणाल्या? "काय की. पण बाई चांगली हाय."

आणि एक दिवस मी कॉलेजातून आले तर तू परातीत माती चाळून तिच्यापुढे ठेवली होतीस. माझी परात. तू तिचं बोट धरून 'क' गिरवत होतीस. माझं बोट तू कधी धरलं नव्हतंस, आई. मी ते तिथंच उभी राहून आठवून बघितलं. तू समोर बसायचीस, भाकरी थापत, आणि तोंडानं सांगायचीस. वहिनीच्या हातून पहिली भाकरी फुगली तेव्हा तू ओरडलीस, "जमली गं माझे माय!" मला दहावीत तालुक्यात नंबर आला तेव्हा तू म्हणालीस, "बारावीचं बघ आता." भाकरीच्या त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "तिचं कावून एवढं कौतुक?" रागात मी तुझी भाषा बोलले, आणि तू ती दुरुस्तही केली नाहीस. म्हणालीस, "तुला काय कमी हाय? ती परक्या लोकात आलीय."

तो गुरुवार मार्गशीर्षातला होता. सकाळी तू चुलीपुढे, वहिनी परातीत पीठ मळत, आणि मी मधल्या दारात फिजिक्सचं पुस्तक घेऊन बसलेले. वहिनी अर्धी हिंदी, अर्धी मराठी बोलायची तेव्हा. म्हणाली, "आई, हमारे गाव में ये महिन्यात गुरुवारी भिंतीवर काढतात. चावल वाटून. मी काढू?"

"काय काढता?"

"धान. फूल. और लक्ष्मी के पाय."

मी पुस्तकातून मान वर केली. आता तू काय म्हणणार ते मला माहीत होतं. फडकं कुठं असतं तेही माहीत होतं. तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि विचारलंस, "लक्ष्मी कावून येती तुमच्यात?" मग तिनं त्यांच्याकडची गोष्ट सांगितली, हातवारे करून, अडखळत. गावाबाहेर राहणारी, झाडलोट करणारी एक बाई होती. तिचं घर सगळ्यांत स्वच्छ, भिंतीवरची नक्षी सगळ्यांत सुंदर, म्हणून लक्ष्मी तिच्या घरी गेली. त्यावरून मोठा दीर रागावला, म्हणाला, बाटली ही, हिला देवळात घ्यायचं नाही. नवऱ्यानं भावाचं ऐकलं. मग दोघा भावांना कुठं अन्नाचा कण मिळेना, भीक मागत फिरले.

"बरं झालं," तू म्हणालीस. "मग?"

"मग त्यांनी माफी मांगी. तिला परत घेतलं."

तू हसलीस. बराच वेळ हसलीस, पदर तोंडाला लावून. मग म्हणालीस, "गोष्ट चांगली हाय तुमची. पण आमी परत घेतेत का म्हणून वाट बघत बसलो न्हाई. आमी निघालो." वहिनीला ते कितपत कळलं कोण जाणे. ती पिठाचे हात तसेच धरून तुझ्याकडे बघत होती. तू दुसरा गोळा घेतलास आणि भाकरी थापता थापता म्हणालीस, "काढ. पूजा व्हणार न्हाई ह्या घरात, नारळ फुटणार न्हाई. पण तुझ्या आईनं तुझ्या हातात दिलंय ते काढ. आमच्या सासऱ्यानं देव सोडले ते आपल्या मर्जीनं. तुला सोडायचं तर तुझ्या मर्जीनं सोड. माझ्या धाकानं सोडलेलं मला नको."

मी पुस्तक मिटून मागच्या दारी गेले आणि धुतलेले कपडे परत धुतले. मग मी कुणाच्या धाकानं सोडलं होतं, हे मला तुला विचारायचं होतं. तेव्हाच विचारलं असतं तर तू काहीतरी उत्तर दिलं असतंस, चिडून का होईना. मी विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत आपल्या भिंतीवर धानाच्या वाकलेल्या लोंब्या होत्या आणि दारात पावलं. मुठीची नव्हती, बोटांनी काढलेली, नाजूक. माझ्यापेक्षा चांगली होती. पुढच्या वर्षी तू स्वतः तांदूळ भिजत घातलेस आणि तिला म्हणालीस, "आमच्यात ज्वारी हाय, एखादं कणीस ज्वारीचं बी काढ की." तिनं काढलं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तू गेलीस.

तू गेल्यावर वहिनीनं भिंतीवर काही काढलं नाही. का, ते मी विचारलं नाही. मला बरं वाटलं होतं, म्हणून विचारलं नाही. दादा नोकरी सोडून गावी आला, पुढे त्यांना मुलगी झाली, आता ती आठ वर्षांची आहे. वहिनी इथलीच झाली म्हणतात सगळे, पण मला त्यांना सांगावंसं वाटतं की ती इथली झाली नाही, ती तू झाली. तुझं 'काय की', तुझं 'वाईच', रागावल्यावर भांडं खाली ठेवायची तुझी तऱ्हा. वडवणीच्या आठवडी बाजारात बांगड्या भरणारी म्हातारी माझ्याकडे बोट करून शेजारच्या बाईला म्हणाली, "हिची भावजय बोलाय लागली की मला वाटतं, हिची आईच उठून आली." मग माझ्या हातात बांगडी सरकवत तिनं विचारलं, "मॅडम, घट्ट तर होत नाही ना?" मला ती शुद्ध बोलली. तुझ्या पोटची मी, आणि बाजारात माझ्याशी लोक परक्यासारखे बोलतात. रविवारी विहारात वहिनीच वंदना सांगते. तुझ्याच चालीवर. उडिया ती फक्त फोनवर बोलते, दार लोटून. एकदा मी दाराशी ऐकलं. तिकडे तिचा आवाजच वेगळा आहे, बारीक, लहान मुलीसारखा. एवढं एक तिनं कुणाला दिलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचाही हेवा वाटतो. मला दार लोटून बोलायला असं काही नाही.

ह्या वर्षी पोरीनं व्हिडिओ कॉलवर तिकडच्या आजीची भिंत बघितली आणि हट्ट धरला. दादानं बांधलेल्या नव्या घराच्या पुढच्या भिंतीवर मायलेकींनी मिळून काढलं. लोंब्या, कमळ, मधोमध हे मोठं ज्वारीचं कणीस, आणि पायरीवर पावलं. दुसऱ्या दिवशी काका आले. तुझे धाकटे दीर, आता विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष. बाहेरच उभे राहिले. काका वाईट माणूस नाहीत, तुला माहीत आहे. त्यांचा आवाज कापत होता.

"सूनबाई, हे काय हाय? आमच्या बापानं डोहात सोडलं ते तुमी भिंतीवर आणलं?"

वहिनी म्हणाली, "काका, पूजा न्हाई केली. आई असताना बी काढत व्हते मी. आईनं हा म्हणलं व्हतं."

"मी तवा दर हिवाळ्यात उसाला जायचो, मी काय बघितलं न्हाई. वैनी हा म्हणल्या? ह्या गोष्टीला? कोण व्हतं तिथं?"

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. दादानं बघितलं. पोरीनं तर माझा हात धरला होता. काका म्हणाले, "तू सांग पोरी. तू काय खोटं बोलायची न्हाईस."

मी म्हणाले, "मला आठवत नाही, काका."

तीन-चार शब्द. काका म्हणाले, "मग पुढल्या रविवारच्या पुढल्या रविवारी विहारात बसून ठरवू. तंवर पुसू नका, तसंच ऱ्हाऊ द्या. माझ्या हट्टानं पुसलं असं नको व्हायला." ते गेले. दादा वहिनीवर चिडला, तू तरी कशाला आईचं नाव घेतलंस म्हणाला. वहिनी त्याला म्हणाली, "ताई तवा अभ्यासात असत्यान. न्हाई ध्यानात ऱ्हात." आणि तिनं बाज उभी करून भिंतीला लावली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू नये म्हणून. त्या संध्याकाळी तिनं माझ्या आवडीचं पिठलं केलं. ती टोमणा मारती तर मला सोपं गेलं असतं.

दहा दिवस मी प्रतिज्ञापत्रं टाइप केली. मधल्या रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज फुटेना. वहिनी पुढे बसून सांगत होती, मी मागे नुसते ओठ हलवले. मी स्वतःला समजावत होते की मी धम्मासाठी बोलले, आजोबांसाठी बोलले. पण आजोबांचा विचार मला तेव्हा शिवलाही नव्हता. तू दोनच माणसांसमोर बोलली होतीस, आणि त्यातली एक मी होते. मी गप्प बसले तर तुझं ते बोलणं कधी झालंच नाही, असं होणार होतं. ते मला हवं होतं.

आज वंदना झाल्यावर सगळे बसलेले असतानाच मी उठले. म्हणाले, "काका, मी त्या दिवशी खोटं बोलले. आई हो म्हणाली होती. मी दारात बसले होते." आणि मग मी सगळं सांगितलं, भाकरी उलटण्यापासून. तुझे शब्द तुझ्यासारखे काढायला गेले तर जमेना, पण काढले. 'आमी निघालो' म्हणताना बायकांमधून कुणीतरी "बया!" म्हणालं. काकांनी चष्मा काढून हातात धरला.

"निघालो म्हणल्या?"

"हो."

"वैनीच," ते म्हणाले. मग चष्मा परत घालून, "मग तू त्या दिशी कावून न्हाई सांगितलंस?"

ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी सहज विचारलं, म्हातारी माणसं विचारतात तसं, अजून थोडं ऐकायला मिळावं म्हणून, "आणखी काय म्हणल्या?"

आणि मी म्हणाले, "म्हणाली, माझ्या पोरीला मात्र मी इचारलंच न्हाई. तिला बी इचारायला पायजे व्हतं."

काकांनी वहिनीकडे वळून विचारलं, "असं म्हणल्या व्हत्या?" त्या गुरुवारी वहिनी चुलीपाशी होती, आई. माझ्यापेक्षा तुझ्या जवळ. तू काय म्हणालीस आणि काय नाही, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही. तिनं माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. "व्हय काका," ती म्हणाली, "डोळ्यात पाणी आलं व्हतं त्यांच्या."

काका म्हणाले, ऱ्हाऊ द्या भिंत, पूजेचं नाव नको, आणि पोरीला तिकडची गोष्ट सांगताय तर आपल्या डोहाची बी सांगा. झालं. घरी येताना वहिनी वाटाण्याच्या शेंगा महाग झाल्याचं बोलत होती. आल्या आल्या तिनं बाज बाजूला केली आणि कपडे घेऊन मागच्या दारी गेली. मला अजून तिला काही म्हणता आलेलं नाही.

तू ते म्हणाली नव्हतीस. तुझ्या डोळ्यांत पाणीही नव्हतं, तू हसत होतीस. एक खोटं दुरुस्त करायला उठले आणि दुसरं बोलून बसले, आणि हे मी काकांकडे जाऊन दुरुस्त करणार नाही. वहिनी माझ्यासाठी विहारात, बुद्धाच्या मूर्तीसमोर खोटं बोलली. तिचे उपकार वाटायला हवे होते, आणि ते वाटतीलही पुढे कधीतरी. पण ती 'व्हय' म्हणाली तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की तिथं तू असतीस तर तूही क्षणभर न थांबता असंच 'व्हय' म्हणाली असतीस. आणि तुझं हेसुद्धा तिलाच आलं.